लॅकीचं बंद पाकीट

नाताळ अंकाच्या संपादकांनी मला ‘ऑस्ट्रेलियातला उन्हाळी नाताळ’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. भर उन्हात घाम पुसत केक कापणं, मागच्या अंगणात बार्बेक्यूवर कोळंबी भाजणं, यावर इकडच्या प्रत्येक वसईकराचं एकदा तरी लिहून झालंय, आणि वाचताना वाटतं की सगळ्यांनी मिळून एकच कोळंबी खाल्ली. मग ते म्हणाले, “फिलोमिनाताई, तुमच्या नोकरीवर लिहा.” त्यांना बहुधा वाटलं असावं, ही विम्याच्या ऑफिसातली बाई, चार पानांत आटपेल.

विम्याच्या ऑफिसात मी होतेच. पण निवृत्त झाले ते दुसऱ्याच नोकरीतून. शेवटची नऊ वर्षं माझं काम होतं, बेसबॉलच्या खेळाडूला किती पैसे द्यावेत हे ठरवणं. स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चहा पिताना हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “क्रिकेटच्या ना?” नाही, बेसबॉलच्या. “ऑस्ट्रेलियात बेसबॉल असतो?” असतो. “आणि तुम्हाला तो खेळता येतो?” नाही. मी आयुष्यात एकदाच ती बॅट हातात घेतली आहे, आणि तीसुद्धा कोळी मारायला.

आधी ही नोकरी मिळाली कशी ते सांगते. मुंबईत मी मोटारविम्यात होते. ठोकलेल्या गाडीची किंमत काढायची आणि गाडीवाल्याचं रडगाणं ऐकून घ्यायचं. नवरा आग्नेल सिव्हिल इंजिनियर, त्याच्या व्हिसावर आम्ही ब्रिस्बेनकडे आलो. इथेही विमा कंपनीतच लागले. एक दिवस केन नावाचा माणूस खेळाडूंचा विमा काढायला आला. तो जवळच्या एका बेसबॉल क्लबचा मॅनेजर. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण त्यात माझ्या फुशारक्या आहेत तशी माझी चूकही आहे. केनच्या यादीतल्या एका नावापुढचा पगार बघून मी सहज विचारलं, “याला एवढे का देता?” केन विचारात पडला. मग म्हणाला, “तो मागतो म्हणून.” पुढच्या महिन्यात मी आठवड्यातले तीन दिवस त्याच्या क्लबात काम करायला लागले.

वाचकांच्या डोळ्यांसमोर कोट्यवधींची बोली येत असेल तर ती पुसून टाका. ते अमेरिकेत. आमच्या लीगमधले स्टार शुक्रवारी रात्री टाळ्या घ्यायचे आणि सोमवारी सकाळी कुणाचं तरी गळकं छप्पर दुरुस्त करायचे. पगार आठवड्याचे, सीझन उन्हाळ्यापुरता. पण क्लबची थैलीही तेवढीच लहान. एका माणसाला जास्त दिलं की दुसऱ्या दोघांना सोडावं लागायचं. त्यामुळे आकडा चुकला तर तो सगळ्यांना जाणवायचा.

ज्याचा करार संपला आहे आणि जो आता कोणत्याही क्लबशी बोलायला मोकळा आहे, त्याला फ्री एजंट म्हणतात. असा चांगला खेळाडू मोकळा झाला की चार-पाच क्लब एकदम धावतात. तेव्हा लोक पहिली चूक करतात ती ही, की तो किती चांगला आहे हे बघतात. मी बघायचे, तो नसता तर त्या जागी कोण असतं. समजा, एखादा खेळाडू सीझनभरात क्लबला दहा मॅच जिंकून देतो आणि त्याच्या जागी अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजचा, विमानाचं तिकीट आणि एका कुटुंबात राहायची सोय एवढ्यावर येणारा पोरगा आठ जिंकून देतो. मग आपण पैसे दोन मॅचचे द्यायचे, दहाचे नव्हे. हे आग्नेलला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग माझा हिशेब कसा?” मी म्हटलं, “तुझ्या जागी कोणी मिळत नाही म्हणून ठेवलाय.” तो हे वाक्य अजून पाहुण्यांना सांगतो.

दुसरी चूक लिलावातली. पाच क्लब एकाच माणसाचा अंदाज करतात. कुणाचा अंदाज कमी पडतो, कुणाचा जास्त. माणूस जातो कुणाकडे? ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला असतो त्याच्याकडे. म्हणजे जिंकणारा बहुतेक वेळा जास्तच पैसे देऊन बसतो. हे शास्त्र इथल्या पुस्तकांत आहे, पण मला ते आमच्या वसईच्या किनाऱ्यावर मावशीने शिकवलं.

मावशी मासळी विकायची. पहाटे होड्या लागल्या की मासळीच्या पाट्यांचा लिलाव व्हायचा. बायका कडं करून उभ्या, बोली चढायला लागली की एकीला बघून दुसरी पेटायची, आणि सरंग्याची पाटी डोक्यावर चढेपर्यंत कळायचं की ही विकून घातलेले पैसेसुद्धा सुटणार नाहीत. मावशीचं तसं कधी झालं नाही. ती घरातून निघतानाच आज पाटीला किती द्यायचे ते ठरवायची, तेवढेच पैसे मोजून पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि बाकीची पिशवी घरी ठेवायची. बोली गाठीच्या वर गेली की ही गप्प. बायका चिडवायच्या, ही हसायची आणि बोंबलाची पाटी घेऊन निघायची.

क्लबात मी गाठीच्या जागी पाकीट आणलं. बोलणी सुरू होण्याआधी मी आकडा काढायचे, म्हणजे आपण जास्तीत जास्त किती देऊ तो. कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं, आणि जिथे चिकटवलं तिथे केनने सही करायची. खेळाडूला आधी त्याहून कमी सांगायचं, बोलणी चढली तर पाकिटापर्यंत जायचं, त्यापुढे एक डॉलर नाही. पाकिटातला आकडा खेळाडूला कधीच दाखवायचा नाही. क्लबात सगळे त्याला ‘फिल्स एन्व्हलप’ म्हणायचे. इथे फिलोमिना म्हणायला कुणाला वेळ नाही.

पाकिटाने आमचं किती राखलं ते एका उदाहरणाने सांगते. एक अमेरिकन फलंदाज मोकळा झाला होता. दंड माझ्या मांडीएवढे, आणि त्याने मारलेले चेंडू पार्किंगमधल्या गाड्यांवर पडतात असे व्हिडिओ. केन ते व्हिडिओ जेवताना बघायचा. मी आकडा काढला तो त्याला इतका कमी वाटला की तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. माणूस दुसऱ्या क्लबने नेला, आमच्या जवळजवळ दुप्पट पैशांत. पहिले दोन आठवडे त्याने चेंडू गाड्यांवर पाडले. तिसऱ्या आठवड्यात त्याचा खांदा गेला आणि उरलेला सीझन तो डगआउटमध्ये बसून सूर्यफुलाच्या बिया चावत होता. केन लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी दोन खाल्ले.

पाकिटाला एकदा मात्र चकवा बसला. टेरी म्हणून खेळाडूंचा एक एजंट होता, गोड बोलायचा आणि मधेमधे हिंदीतून ‘अच्छा’ म्हणायचा, माझ्यावर छाप पडावी म्हणून. त्याचा एक पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, आम्हाला हवा होता. टेरी म्हणाला, आकडा तुमचाच, मला मान्य, फक्त राहायला फ्लॅट द्या. मी हिशेब पुन्हा मांडला, नवं पाकीट केलं. मग फ्लॅट समुद्राजवळ हवा. पुन्हा पाकीट. मग पिचरचा कुत्रा. कुत्र्याचं विमानाचं भाडं किती असतं हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक मागणी एकेकटी बघितली तर रास्त, पण शेवटी बेरीज केली तर पहिल्या पाकिटाच्या दीडपट. त्या दिवशी मी नियम केला. पाकिटावर नावाच्या खाली अटीही लिहायच्या, आणि पाकीट एकदा बंद झालं की अटी बदलायच्या नाहीत. कुणी बदला म्हटलं तर पुढच्या सीझनला नवं पाकीट. शिवाय वयाची बत्तीस वर्षं ओलांडलेल्याला एकच सीझन, दोन वर्षांचा करार नाही, कारण त्या वयानंतर शरीर कधी संप पुकारेल सांगता येत नाही. हे नियम मी टाईप करून भिंतीवर लावले होते. मला त्यांचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आणि मग कोविड आला.

मी घरातल्या जेवणाच्या टेबलावरून काम करायला लागले आणि केन मला व्हिडिओवर कपाळापासून वर दिसायला लागला. सीझन होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं, छोटा सीझन करायचा, पण परदेशी खेळाडू येऊ शकत नव्हते. देशाच्या सीमा बंद. माझ्या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी असलेला तो कॉलेजचा पोरगाच नाहीसा झाला. तो नसता तर कोण, या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर आलं, कोणीच नाही.

त्याच वेळी आमचा लॅकी मोकळा झाला. लॅकी आमचा कॅचर. बेसबॉलमधला कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, फक्त तो पूर्ण वेळ उकिडवा बसतो, तोंडावर जाळी लावतो आणि कुठला चेंडू टाकायचा हे पिचरला बोटांच्या खुणांनी सांगतो. लॅकीचं वय तेहतीस, गुडघे त्याहून बरेच मोठे. पण आमचे अर्धे पिचर त्याच्या खुणांवर चालायचे. त्याच्या जागी कोण, असं बघितलं तर एका शाळेतला पीटी टीचर होता, जो शनिवारी क्रिकेटमध्ये कीपिंग करायचा. म्हणून मी लॅकीसाठी काढलेला आकडा इथल्या कुठल्याही खेळाडूसाठी काढलेल्या आकड्यांत सगळ्यांत मोठा होता. मॅच कमी, तरीसुद्धा. पाकिटावर लिहिलं, ‘लॅकी. एक सीझन.’ केनने सही केली. आम्ही लॅकीला पहिली ऑफर कळवली, अर्थात पाकिटातल्यापेक्षा बरीच कमी.

दोन दिवसांनी लॅकी भेटायला आला. आत बसायला परवानगी नव्हती, म्हणून पार्किंगमध्ये दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या, मधे दीड मीटर. सप्टेंबरचे दिवस. तिथल्या झाडावर मॅगपायचं घरटं होतं, आणि त्या दिवसांत तो पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळूवर झडप घालायचा. त्यामुळे लॅकी डोक्यावर कॅचरचं हेल्मेट घालूनच बसला होता. मी छत्री उघडून बसले होते. एजंट त्याने कधीच ठेवला नाही.

“फिल, ऑफर फेअर आहे,” तो म्हणाला. “पण मला एक सीझन नको. दोन दे.”

“लॅकी, तुझं वय...”

“ऐक ना, मेट. पैसे वाढवू नकोस. तू एका सीझनचे जे सांगितलेस ना, त्यात अगदी थोडे घाल, आणि तेच दोन सीझनमध्ये वाटून दे.”

मग त्याने सगळं सांगितलं. लॅकी इलेक्ट्रिशियन, पण घरांची कामं करणारा नव्हे. मोठमोठ्या कार्यक्रमांचे दिवे लावणारा. कॉन्सर्ट बंद, लग्नं बंद, त्याचं काम एका रात्रीत संपलं होतं. त्याला कालगुर्लीच्या एका सोन्याच्या खाणीतून बोलावणं होतं, पगार आमच्या कितीतरी पट. पण ती खाण वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, आणि त्या राज्याने आपली हद्द बंद केली होती. खास परवानगी काढून, हॉटेलात चौदा दिवस कोंडून घेऊन आत जायचं, आणि एकदा बाहेर पडलं की परत घेतील याचा भरवसा नाही.

“माझी मिली इथे दहा मिनिटांवर राहते, तिच्या मम्मीकडे,” तो म्हणाला. “बुधवार आणि एक सोडून एक वीकएंड माझा. तिकडे गेलो तर बॉर्डर कधी उघडेल कुणाला माहीत? नऊ वर्षांची आहे ती, फिल. तुम्ही दोन वर्षांचा कागद दिलात तर घरमालक लीज वाढवतोय. भाडं त्यातून सुटेल. बाकी मी कायतरी बारीकसारीक कामं करेन. कॉन्सर्ट काय आयुष्यभर बंद राहणार नाहीत.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. लॅकी दोन सीझनचे मिळून जेवढे मागत होता, ते माझ्या पाकिटातल्या एका सीझनच्या आकड्यापेक्षा कमी होते. दुसऱ्या सीझनला त्याचे गुडघे पूर्ण गेले, तो एकही मॅच खेळला नाही, तरी आमचं काही बिघडत नव्हतं. मला हे तिथेच, त्या छत्रीखाली, कळलं होतं. म्हणजे मला समजलं नाही असं म्हणायचीही सोय नाही.

पण मला टेरी आठवला. अटी बदला, हे त्याचंही पहिलं वाक्य होतं. आज एकाला पाकीट उघडून दिलं की उद्या सगळे उघडायला लावतील. आणि बत्तीसनंतर एकच सीझन, हे तर भिंतीवर लावलेलं.

“लॅकी, पाकीट बंद झालंय,” मी म्हटलं. “एका सीझनवर बोलूया, मी थोडी वर येऊ शकते. पुढच्या सीझनला नवं पाकीट करू.”

“एका सीझनवर लीज मिळत नाही, फिल.”

त्याने जाळीतून माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि आपली खुर्ची नीट घडी करून भिंतीला लावली. माझीही लावू का, असं विचारलं. “नो वरीज, फिल,” म्हणाला आणि आपल्या यूटकडे, म्हणजे मागून उघड्या गाडीकडे, गेला.

केनला फोन केला तर तो म्हणाला, “अगं, पण हे आपल्याला स्वस्तच पडत नाही का?”

“पडतं. पण आज लॅकी, उद्या टेरी.”

“तू म्हणशील तसं,” केन म्हणाला. नऊ वर्षांत त्याने माझं न ऐकल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी आग्नेलला सगळं सांगितलं, थोडं ऐटीतच. तो कांदा चिरत होता. त्याने विचारलं, “मुलगी केवढी आहे म्हणालीस?” मी म्हटलं, नऊ. तो पुन्हा कांदा चिरायला लागला. मला ते तेव्हा आवडलं नाही.

दहाएक दिवस गेले. रविवारी लॅपटॉपवर मिस्सा ऐकून झाली की मी वसईला मावशीला व्हिडिओ कॉल लावायचे. मावशी तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिकडे लॉकडाऊन, किनाऱ्यावर लिलाव बंद, म्हातारी घरात बसून कंटाळलेली. तिला बरं वाटावं म्हणून मी तिची गाठ इकडे कशी चालवते ते सांगायला लागले. पाकीट, सही, सगळं. तिला ते ऐकून फार गंमत वाटली. भाचेसुनेला हाक मारून म्हणाली, “ऐकलंस काय, माझी गाठ विमानात बसून गेली.” मग माझा उत्साह वाढला आणि मी लॅकीचं सांगितलं. कमी पैसे मागत होता, तरी मी गाठ सोडली नाही, असं.

मावशीचा चेहरा स्क्रीनच्या एकदम जवळ आला. नाक आणि चष्माच दिसत होता.

“कमी मागत होता?”

“हो.”

“आणि तू नाही म्हटलंस?”

“पाकीट बंद झालं होतं ना, मावशी.”

“काय गो फिलू!” मावशी म्हणाली. “गाठ कशाला मारायची मी? भान सुटून जास्त देऊ नये म्हणून. कोण कमीत पाटी द्यायला आला तर मी काय त्याला गाठ दाखवत बसायची? घ्यायची ती पाटी, आणि बाईला घरी जाताना दोन बोंबील जास्त घालायचे.” मग म्हणाली, “त्याचं पोर लहान आहे म्हणतेस. फोन कर त्याला.”

मला लाज वाटली. ऐंशीच्या बाईला जे एका वाक्यात कळलं, ते मला माझ्या सगळ्या तक्त्यांसकट कळलं नव्हतं. म्हणजे हिशेब कळला होता, पण नियम माझा होता आणि तो मला लॅकीपेक्षा जास्त लाडका झाला होता.

मी केनला फोन केला. तो ‘हो’ म्हणाला, मला वाटतं माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आधीच. मग लॅकीला लावला. त्याने व्हिडिओ सुरू केला. मागे हॉटेलची खोली, न उघडणारी खिडकी, दारापाशी कागदी पिशवीत ठेवलेलं जेवण.

“पर्थ,” तो म्हणाला. “चौथा दिवस.”

मी एका दमात सांगून टाकलं. दोन सीझन देतो, तू म्हणालास तसंच, उलट त्यात थोडे वाढवून. लॅकी ऐकत होता. मधेच त्याने एक हात मानेवरून फिरवला, मॅच हरताना फिरवायचा तसा.

“सही केलीय मी, फिल. परवानगी त्यांनीच काढून दिली. आता मागे फिरलो तर या हॉटेलचं बिलही माझ्या डोक्यावर, आणि नावही खराब.”

“मी त्यांच्याशी बोलू का?”

“नको.” मग म्हणाला, “दहा दिवस आधी फोन केला असतास तर...” वाक्य त्याने तिथेच सोडलं आणि मला विचारलं, “मॅगपाय गेला का?”

सीझन कसा गेला ते थोडक्यात सांगते. पीटी टीचरने जीव तोडून कीपिंग केलं. आमचे पिचर त्याच्या खुणांकडे गोंधळून बघायचे. आम्ही खालून पहिले आलो. केन एका शब्दाने बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या हरण्याचं मलाही फारसं वाटलं नाही. प्रत्येक बुधवारी मात्र मला आठवण यायची की आज लॅकीचा वार. पश्चिमेची हद्द मधे उघडायची, पुन्हा बंद व्हायची. उघडली तरी लॅकी निघायचा नाही, कारण परत जाताना बंद झाली तर नोकरी गेली. मी कधीतरी मेसेज करायचे. तो अंगठा पाठवायचा.

तो आला ते हद्द कायमची उघडल्यावर. कॉन्सर्ट पुन्हा सुरू झाले होते, दिवे लावायला माणसं मिळत नव्हती. माझा निवृत्तीचा महिना चालू होता आणि मी टेबलाचे खण रिकामे करत होते. लॅकी क्लबात राहिलेलं आपलं सामान न्यायला आला. केस कमी झालेले, हात रापलेले. खेळण्याविषयी त्याने काही काढलं नाही, मीही नाही. पार्किंगमध्ये बसूया म्हणाला. खुर्च्या त्याच होत्या, या वेळी आम्ही जवळ ठेवल्या.

“मिली कशी आहे?” मी विचारलं.

“उंच झालीय. एअरपोर्टवर आली होती.” तो हसला. “आधी ‘हाय’ म्हणाली. मग मिठी मारली. पूर्वी धावत यायची ना, थेट पोटावर आदळायची.”

मी त्याला सॉरी म्हटलं. फोनवर म्हटलं होतं, पण समोर म्हणायचं राहिलं होतं. तो म्हणाला, “तुझी नोकरीच ती होती, फिल.” हे त्याने अगदी मनापासून म्हटलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

मग तो म्हणाला, “ते माझं पाकीट अजून आहे का?”

होतं. खण आवरताना सगळ्यांची पाकिटं मी श्रेडरमध्ये घातली होती, हे एक ठेवलं होतं. आत जाऊन आणलं. केनची सही तशीच, ‘लॅकी. एक सीझन.’ खेळाडूला आकडा दाखवायचा नाही, हा माझा शेवटचा शिल्लक नियम होता. मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

“मी मिलीला सांगून गेलो होतो की कोविडमुळे क्लबकडे पैसे नाहीत,” तो पाकीट उलटंपालटं करत म्हणाला. “तिला वाटतं तिचा डॅड कुणाला नको होता. तिला दाखवतो, बघ, माझ्यासाठी आकडा लिहून ठेवला होता. खूश होईल.”

त्याने पाकीट फाडलं, कागद काढला आणि वाचला. बराच वेळ वाचला, खरं तर त्यावर एकच आकडा होता. त्याच्या ओठांची हालचाल झाली, दोनाने भागत असावा.

“मी दोन वर्षांचे मागितले होते त्याहून जास्त,” तो म्हणाला.

“हो.”

त्याने कागदाची होती तशी घडी केली आणि पाकिटात घातली. फाडलेली कड बोटाने दाबून सारखी केली आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

“हे तूच ठेव, फिल,” तो म्हणाला. “मिलीने बघितलं तर विचारेल, एवढे देत होते, मग डॅड, तू गेलास कशाला?”

मी ठेवलं.